तारेच्या टोकाचे घर

फ्रान्सहून परत आल्यावर बेळगावात जो भेटला त्याने पहिला प्रश्न एकच केला, "आयफेल टॉवर पाहिलात ना?" पाहिला, एकदा पावसात लांबून आणि एकदा सौभाग्यवतीच्या आग्रहाखातर जवळून. परंतु त्या देशात मी सर्वांत अधिक वेळ न्याहाळली ती वस्तू लोखंडी मनोरा नव्हती. लाकडी खांबांवरून लोंबणारी, करंगळीहून बारीक अशी ती एक काळी तार होती. तिच्याविषयी मला कोणीच विचारले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२५ च्या एप्रिलअखेरीस आम्ही उभयता निघालो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला परदेशी जायचे तर खात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळविण्याची हकीकत प्रत्यक्ष प्रवासाहून लांब आहे, ती येथे सांगत नाही. आमची कन्या पॅरिसमधील एका कंपनीत संगणकाचे काम करते. जावई फ्रेंच आहेत आणि व्यवसायाने गवंडी आहेत. या वाक्याचा पूर्वार्ध आमच्या घरी पचनी पडायला एक वर्ष लागले आणि उत्तरार्ध पचायला दोन. असो. टाळेबंदीचे दिवस पॅरिसच्या दोन खोल्यांत कोंडून काढल्यावर २०२१ मध्ये ही दोघे शहर सोडून जावयांच्या आजीच्या गावी राहायला गेली. आजीच्या अंगणापलीकडे गुरांचा जुना दगडी गोठा रिकामा पडला होता. साठवलेले सगळे पैसे घालून जावयांनी स्वतःच्या हातांनी त्याचे घर केले. कंपनीने कन्येला सांगितले होते, काम घरून करा. महिन्यातून दोन दिवस पॅरिसला या म्हणजे झाले.

पॅरिसच्या ऑस्तर्लित्झ स्थानकावरून लिमोजकडे जाणारी आगगाडी सुमारे तीन तासांत ला सुतरेन नावाच्या लहानशा स्थानकावर सोडते. तेथून मोटारीने पाऊण तास. या जिल्ह्याचे नाव क्रूझ. मूळ उच्चार निराळा आहे. तो माझ्या जिभेला शेवटपर्यंत साधला नाही आणि मी प्रयत्न केला की जावई सौजन्याने खिडकीबाहेर पाहत. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दोन पंचमांशांएवढा हा प्रदेश. बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ४७ लाखांवर माणसे आहेत. क्रूझमध्ये अवघी १ लाख १५ हजारांच्या आसपास. १८५१ मध्ये ती २ लाख ८७ हजार होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत देश वाढला आणि हा जिल्हा आटला.

माणसे गेली कोठे? पॅरिस बांधायला गेली. क्रूझचे गवंडी फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहेत. वसंत ऋतू आला की गावोगावचे पुरुष आणि पोरगे पायी राजधानीकडे निघत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतत. पुढे पुढे परतेनासे झाले. मार्तां नादो हा त्यांच्यातलाच. १८१५ चा जन्म. १८३० मध्ये बापाबरोबर चालत पॅरिसला गेला, विटा-चुना वाहिला आणि पुढे लोकसभेचा सभासद झाला. त्याच्या आठवणींचे पुस्तक या जिल्ह्यात अजून आदराने वाचले जाते. आमच्या जावयांचे खापरपणजोबाही त्याच वाटेने गेले होते, असे त्यांच्या घरी सांगतात. जावई उलट दिशेने आले.

मे महिन्यात तो मुलूख पाहावा. लाटांसारख्या हिरव्या टेकड्या, कुंपणाकुंपणांतून ओक आणि चेस्टनटची झाडे, त्यांच्याखाली तांबूस अंगाच्या लिमुझें गाई संथ बसलेल्या. ग्रॅनाइटची घरे. रात्री सव्वानऊपर्यंत उजेड. वस्तीवर घरे सात. पैकी चारांच्या धुराड्यांतून धूर निघे. मैलभरावर मूळ गाव. तेथे एकाच इमारतीत मधोमध नगरपालिका आणि दोन अंगांना शाळा, एका दारावर 'मुलगे' आणि दुसऱ्यावर 'मुली' अशी अक्षरे दगडात कोरलेली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करणारे कायदे तेथे १८८१-८२ मध्ये झाले, त्यानंतर अशा इमारती गावोगाव उभ्या राहिल्या. अक्षरे शाबूत आहेत, शाळा बंद आहे. मी त्या दारापुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन. माझ्या शाळेचा पट आता सतरावर आला आहे.

पोचल्या दिवशी संध्याकाळी कन्येने आम्हांला घरचे नियम समजावले. पादत्राणे दाराशी, कचरा चार ठिकाणी, हे ठीक होते. तिसरा नियम ऐकून सौभाग्यवती चकित झाली. दुपारी दोन ते पाच आम्ही दोघांनी मोबाईल बंद ठेवायचे.

"अगं, आम्ही बोलणार नाही, नुसते ठेवू."

"नुसते ठेवलेले फोनच जास्त खातात, आई," ती म्हणाली.

खातात हा शब्द तिने अगदी योग्य वापरला होता. त्या घरात इंटरनेट ही वाणसामानासारखी मोजून वापरायची वस्तू होती. तारेतून घरात येणारा प्रवाह सेकंदाला १.८ मेगाबिट आणि घरातून बाहेर जाणारा जेमतेम ०.४. हे आकडे फळ्यावर लिहून पाहिल्याशिवाय मला उमगले नाहीत. शंभर मेगाबाइटची एक फाईल कार्यालयाला पाठवायची तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार, तोही घरात दुसऱ्या कोणी श्वास न घेतल्यास. म्हणून मोठ्या फायली रात्री झोपताना पाठवायला लावायच्या आणि सकाळी उठून पाहायच्या. विरजण लावावे तसे. सभेत सगळ्यांचे चेहरे पडद्यावर दिसत, आमच्या कन्येचा दिसत नसे, कारण चेहरा दाखवला तर आवाज तुटे. तिच्या कंपनीतील नव्या माणसांनी चार वर्षांत तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

या काटकसरीवर घाला घातला तो मीच. तिसऱ्या दिवशी आम्ही लिमोजला जाऊन आलो होतो. तेथील चिनी मातीच्या भांड्यांची कीर्ती मोठी, आणि मी सुमारे दोनशे छायाचित्रे काढली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावात किती वाजले असतील ते पाहायला मी मोबाईल क्षणभर चालू केला आणि बंद करायला विसरलो. त्या निष्ठावंत यंत्राने मला न विचारता दोनशे छायाचित्रे कोठेतरी सुरक्षित ठेवण्यासाठी पाठवायला घेतली. शेजारच्या खोलीत कन्या वरिष्ठांपुढे सहा महिन्यांच्या कामाचे निवेदन करीत होती. तिचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता. पलीकडच्यांना तो येत नव्हता. सतरा मिनिटे ती एकटीच बोलत होती.

बाहेर आली तेव्हा ती रागावलेली नव्हती, हेच मला अधिक लागले. रात्री जेवणानंतर कळले ते असे. कंपनीने महिन्यापूर्वीच कळवले होते की घरच्या जोडणीची ही स्थिती मे-अखेरपर्यंत सुधारली नाही, तर जूनपासून तिने आठवड्यातले चार दिवस पॅरिसच्या कार्यालयात बसावे. चार दिवस पॅरिस म्हणजे तेथे भाड्याची खोली. आणि खोलीचे भाडे म्हणजे या घराच्या कर्जाच्या हप्त्याएवढेच. दोन्ही झेपणार नव्हते. गोठ्याच्या घराला तेव्हा अजून पश्चिमेकडची खिडकीही बसायची होती.

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, चला, तुम्हांला तार दाखवतो. भाषेची अडचण होतीच. ते थोडे इंग्रजी, मी थोडे इंग्रजी, आणि मधे हातवारे. आम्ही तारेबरोबर चालत निघालो.

टेलिफोनचे केंद्र मूळ गावापलीकडे, एका खिडक्या नसलेल्या खोलीत आहे. आमच्या अंगणातून पाखराने उडत जायचे म्हटले तर दोन किलोमीटर. परंतु तार पाखरासारखी जात नाही. ती केंद्रातून निघून रस्त्याने खाली दरीत उतरते, बंद पडलेल्या दूधसंकलन केंद्रापाशी एका करड्या लोखंडी कपाटात शिरते, तेथून निघून ओढ्याकाठची पवनचक्कीसारखी फिरणारी वळणे घेत दोन वस्त्यांना जाऊन भेटते आणि मग चढण चढून आमच्याकडे येते. सारा फेरा सव्वासहा किलोमीटरांचा. वाटेत खांब कललेले. एका ठिकाणी ओकाच्या फांदीवर तार रेललेली. फांदी छाटण्याचे काम जमिनीच्या मालकाचे, आणि मालक बोर्दोला असतो.

ही तार आवाजासाठी घातलेली. माणसाचा आवाज तिच्यातून सहा काय, दहा किलोमीटरही निघून जातो. पुढे याच तांब्याच्या तारेतून, आवाजाच्या वरच्या पट्टीत, इंटरनेट पाठवण्याची युक्ती निघाली आणि २००० नंतर फ्रान्सभर पसरली. पण वरची पट्टी लवकर विरते. केंद्राच्या शेजारच्या घराला सेकंदाला वीस मेगाबिट मिळतात, तीन किलोमीटरांवर त्याचे अर्धेही उरत नाहीत, पाचांच्या पुढे दोन आणि मग कण्हणे. पैसे मात्र सर्वांनी जवळजवळ सारखेच भरायचे. घटप्रभेच्या कालव्याच्या टोकाला ज्याचे शेत आहे त्याला मी हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पाणीपट्टी त्यालाही पूर्णच भरावी लागते.

इतर उपाय त्यांनी करून पाहिले होते. मोबाईलच्या मनोऱ्याकडून सिग्नल घ्यावा, तर मनोरा समोरच्या टेकडीच्या पाठीमागे आणि घराच्या भिंती पाऊण मीटर जाडीच्या ग्रॅनाइटच्या. पोटमाळ्याच्या झरोक्यात यंत्र टांगले की सकाळी थोडा वेळ काम होई आणि संध्याकाळी साऱ्या खोऱ्यातील लोक वापरू लागले की पुन्हा तेच. उपग्रहाची थाळी फ्रान्समध्ये २०२१ पासून मिळते. परंतु तिला मोकळे आकाश लागते आणि घराच्या उत्तरेला दुसऱ्याच कोणाच्या मालकीचे डग्लस वृक्षांचे उंच वन आहे. शिवाय गेली दोन वर्षे फायबर पुढच्या तिमाहीत येणार होते. पुढच्या तिमाहीत येणाऱ्या वस्तूसाठी माणूस या तिमाहीत खर्च करीत नाही.

आता आजीबाईंविषयी लिहिले पाहिजे. फ्रेंच भाषेत आजीला 'मामी' म्हणतात, त्यामुळे नाते जमायला आम्हांला मुळीच वेळ लागला नाही. मामींचे वय ८७. त्या मला 'मस्यू ल दिरेक्तर' म्हणत. प्राथमिक शाळेच्या प्रमुखाला तेथे हेच संबोधन आहे. पावसाचा गडगडाट झाला की त्या छत्री घेऊन अंगण ओलांडीत आणि आमच्या दारावर काठी आपटीत. इंटरनेटचा डबा भिंतीतून काढून ठेवा, वीज तारेवाटे घरात येते, हा निरोप द्यायला. याआधी दोन डबे असेच जळाले होते.

एके दिवशी मी तार पाहायला गेलो होतो हे त्यांना समजले. त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात नेले, कपाट उघडले, आणि इस्त्रीच्या कपड्यांखालून एक तपकिरी डबा बाहेर काढला. लहानसा पडदा आणि खाली उघडणारी कळपाटी. मिनितेल!

तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. फ्रान्समध्ये १९५०-६० च्या दशकांत टेलिफोनची दशा आपल्यासारखीच होती. फेर्नां रेनो या विनोदी नटाचा १९५५ चा एक प्रसिद्ध प्रवेश आहे. पॅरिसच्या टपालकचेरीत उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्या आनिएर या उपनगराचा फोन लागत नाही, आणि त्याच्या डोळ्यांदेखत परदेशी माणसांना दूरदूरचे फोन लागतात. शेवटी तो न्यूयॉर्क मागतो आणि न्यूयॉर्कला सांगतो, मला आनिएर जोडून द्या. ट्रंक कॉल लावून दिवसभर बसलेल्या आपल्या पिढीला यात विनोद कमी आणि आत्मचरित्र अधिक दिसेल. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने हट्टाने घरोघर टेलिफोन नेला, आणि १९८२ पासून त्याच टेलिफोनला जोडायचा हा मिनितेलचा डबा लोकांना फुकट वाटला. त्यावर टेलिफोनची यादी पाहता येई, रेल्वेचे आरक्षण करता येई, बँकेचा हिशेब दिसे. ऐन भरात साठ लाखांवर डबे देशात होते. जगात इतरत्र सामान्य घरांनी इंटरनेटचे नाव ऐकण्याआधीची ही गोष्ट. ३० जून २०१२ रोजी ती सेवा बंद झाली.

मामींचे यजमान त्यावर हवामान आणि गुरांचे भाव पाहत. मी विचारले, फार हळू चालत असेल? कन्येने भाषांतर केले. मामी म्हणाल्या, "हळू कशाला? पॅरिसला जेवढे, तेवढेच."

मी नंतर जावयांकडून खात्री करून घेतली. मिनितेलचा वेग सेकंदाला १,२०० बिट, म्हणजे आमच्या रडक्या तारेच्याही दीड हजारांशाएवढा. पण इतकी कमी भूक असल्यामुळे कोणतीही तार ती भागवू शकत असे. केंद्राशेजारचे घर आणि खोऱ्याच्या टोकाचे घर यांच्या पडद्यावर अक्षरे एकाच चालीने उमटत, आणि दरही अंतराप्रमाणे बदलत नसे. १९८५ मध्ये या वस्तीवर मामींना जे मिळत होते तेच पॅरिसच्या वकिलाला मिळत होते. पुढे भूक वाढत गेली आणि तारेची लांबी दिसू लागली. तोवर हे घर दूर आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते.

आणि माझ्यापुरते बोलायचे, तर मला २०२० चा पावसाळा आठवला. शाळा बंद, धडे मोबाईलवर. खानापूर तालुक्यातील आमच्या त्या जंगलपट्टीत सिग्नल फक्त टेकडीच्या माथ्यावर येई. सातवीतील एक मुलगी रोज धाकट्या भावाला छत्री धरायला लावून तेथे बसे. ऑगस्टपासून 'विद्यागम' योजनेखाली आम्ही शिक्षक गावोगाव देवळांच्या ओसरीवर शिकवू लागलो तेव्हा मी तिच्या गावी गेलो. तिने वही दाखवली. जेथे जेथे आवाज तुटला होता तेथे तिने रिकाम्या ओळी सोडल्या होत्या, नंतर विचारून भरता याव्यात म्हणून. त्या ओळी किती होत्या हे मी त्या वेळी मोजले नाही.

असो. क्रूझकडे परत येतो.

फ्रान्स सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये साऱ्या देशाला वेगवान इंटरनेट देण्याची दहा वर्षांची योजना जाहीर केली. खर्चाचा अंदाज २० अब्ज युरो. शहरांत खाजगी कंपन्यांनी आपापल्या पैशाने फायबर घालावे आणि जेथे त्यांना परवडत नाही तेथे जिल्ह्यांनी व प्रांतांनी सरकारी साहाय्याने घालावे, अशी वाटणी. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो आणि वीस किलोमीटरांवरही तो विरत नाही. म्हणजे टोकाचे घर पुन्हा केंद्राशेजारी येते. काम मोठे, आणि टीका काहीही होवो, ते झाले आहे हे कबूल केले पाहिजे. २०२५ च्या सुरुवातीस दहांपैकी नऊ घरांपर्यंत फायबर पोचले होते. आमच्या वस्तीपर्यंतही. रस्त्यावरच्या खांबावर तांब्याच्या तारेशेजारी नवी तार आणि लहानसा काळा डबा मार्चमध्येच लागला होता. सरकारी नकाशावर आमचे घर हिरवे झाले होते.

खांबापासून घरापर्यंत तीस पावले होती. त्या तीस पावलांनी सगळ्यांचा अंत पाहिला.

मेच्या पहिल्या आठवड्यात तंत्रज्ञ येणार होता. पहिल्या तारखेला आला नाही, आणि कंपनीकडून निरोप मात्र आला की तो येऊन गेला, घरी कोणी नव्हते. त्या दिवशी घरी आम्ही चौघे आणि शिवाय मामी होत्या. दुसऱ्या तारखेला दुसराच एक तरुण आला, अतिशय नम्र. गोठ्याचे घर असल्यामुळे तार अंगणाखालच्या नळीतून येते. त्याने एक लांब लवचीक सळई नळीत सारली. अकरा मीटरांवर ती अडली. दुसऱ्या बाजूने सारली, तेथेही अडली. त्याने हात झाडले, फोनवर काहीतरी नोंदवले आणि सांगितले, नळी बुजलेली आहे. खाजगी जागेतील खोदकाम मालकाचे. झाले की पुन्हा तारीख घ्या. पुढची तारीख जूनच्या मध्याची होती.

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. कन्या पॅरिसमधील खोल्यांची भाडी पाहत बसली; तीही चित्रे हळूहळू, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उमटत होती.

सकाळी दोन गोष्टी झाल्या. जावई नगरपालिकेत गेले. फ्रान्समध्ये अशी सुमारे ३५,००० गावे आहेत आणि दोनशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा महापौर असतो. कचेरी आठवड्यातून दोन दुपारी उघडते. तेथील बाईंनी तासभर फोन कानाला लावून कोणाची तरी रद्द झालेली तारीख मिळवली, २२ मे. आम्ही २४ ला निघणार होतो. दुसरी गोष्ट म्हणजे मी कुदळ मागितली.

सत्तावन्नाव्या वर्षी परदेशात चर खणण्याचा योग माझ्या पत्रिकेत होता! ग्रॅनाइटचा मुलूख, वीतभर मातीखाली मुरूम आणि दगड. जावयांचा हात गवंड्याचा, माझा खडूचा. तरीही लहानपणी परसात आंब्याची आळी केलेली असल्याने अगदीच फजिती झाली नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या वस्तीवरचा शेतकरी आपले छोटे खोदयंत्र घेऊन न बोलावता आला, दोन तासांत आमचे दोन दिवसांचे काम केले, कॉफी घेतली आणि पैशांचा विषय काढताच टोपी घालून निघून गेला. अकराव्या मीटरवर कारण सापडले. मामींच्या यजमानांनी थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेले अक्रोडाचे झाड, आणि त्याचे मांडीएवढे मूळ. नळी त्याने सुपारीसारखी चिरडली होती. मूळ तोडायचे नाही, असे मामींनी खिडकीतून बजावले. मग आम्ही चर वळवला, झाडाला प्रदक्षिणा घातल्यासारखा.

चर उघडा असतानाच मामींचा खरा विषय निघाला. त्यांनाही फायबर घ्यावे लागणार, हे त्यांच्या कानावर आले होते. खरेच आहे, तांब्याचे सारे जाळे २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आहे. मामींना पडद्याचे वेड नव्हते, त्यांना फक्त टेलिफोन हवा होता. आणि त्यांचे म्हणणे असे की जुना टेलिफोन वीज गेली तरी चालतो. हेही खरे. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज केंद्रातील बॅटऱ्यांतून तारेवाटेच येते. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तो मुका. मामींच्या मनगटावर एक कळ असते. पडल्या-झडल्या तर ती दाबायची, म्हणजे टेलिफोनवाटे मदत-केंद्राला कळते. डिसेंबर १९९९ च्या वादळात या भागाने काळोखाचे दिवस काढलेले. आणि आम्ही पोचल्यावर दोनच दिवसांनी, २८ एप्रिलला, सारा स्पेन आणि पोर्तुगाल कित्येक तास अंधारात गेलेला त्यांनी दूरदर्शनवर पाहिला होता. नातवाने बॅटरीचे यंत्र आणीन म्हटले. मोबाईलवर चालणाऱ्या कळा निघाल्या आहेत, म्हटले. त्यांनी आपला मोबाईल काढून भिंतीशी धरला. सिग्नलची एकही रेघ नव्हती.

"२०३० ला मी ९२ ची," त्या म्हणाल्या. "तार आधी जाते की मी, ते पाहू."

जावई काही बोलले नाहीत. दुपारी ते मोटारीने गेरेला गेले आणि नळीबरोबर आणखी एक वेटोळे घेऊन आले. साधी, दोन पदरी, दाराच्या घंटीला असते तशी तांब्याची तार.

२२ तारखेला तोच नम्र तरुण आला. सळई एका दमात आरपार गेली. केसासारखा तंतू त्याने आत ओढला, टोक सांधले, डब्यावरचा दिवा हिरवा झाला. वेग सेकंदाला तीनशे मेगाबिटच्या वर. कन्येने पहिल्यांदा काय केले असेल? सभेत गेली आणि चेहरा दाखवला. पलीकडून कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि ती ओढणीने डोळे पुसत हसली. संध्याकाळी आम्ही गावाकडे माझ्या मातोश्रींना फोन लावला. इकडचे चित्र स्वच्छ, आणि तिकडे आई अर्धे उघडे तोंड आणि वर केलेला हात अशी दोन मिनिटे थिजून राहिली. "आता आपल्याकडून," सौभाग्यवती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही चर बुजवला. खाली नळी आणि तिच्या बाजूने ती दोन पदरी तार, एक टोक मामींच्या पलंगाशी, दुसरे कन्येच्या स्वयंपाकघरात, मध्ये टॉर्चच्या सेलवर चालणारी घंटा. तिसांऐवजी वीस पावलांची लांबी. वीज लागत नाही, कंपनी लागत नाही. माती लोटून मी फावडे ठेवले तोच स्वयंपाकघरात घंटा वाजली. सौभाग्यवती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन अंगणातून पळत गेली. मामी खुर्चीवर स्वस्थ बसल्या होत्या. काही नको होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि कळ पुन्हा एकदा दाबली.